बुडबुड्यांचा भरवसा

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच फोन वाजायला लागतो. शनिवार-रविवार हे घरी बियर करणाऱ्यांचे दिवस. त्या दोन दिवसांत लोक नवी बियर लावतात आणि मागच्या खेपेच्या बादलीपाशी जाऊन घाबरतात. "अडकलीय" हे पहिल्या वाक्यातच येतं. कालपर्यंत झाकणातल्या एअरलॉकमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, चांगले बुडबुडे येत होते, आज एकही नाही. यीस्ट मेलं का? दुसरं पाकीट टाकू का? तासाभरात येऊन घेऊन जातो, तुम्ही फक्त कोणतं ते सांगा.

मिनेसोटातल्या एका उपनगरात घरगुती बियरचं आणि वाइनचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मी काउंटरवर असते. माल्ट, हॉप्स, यीस्ट, काचेचे कार्बॉय, झाकणाच्या बादल्या, नळ्या, बुचं, बाटल्यांची टोपणं असा सगळा माल. पुण्यात मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं, लग्न होऊन इकडे आले आणि डिपेंडंट व्हिसावर बरीच वर्षं घरीच काढली. २०१५मध्ये आमच्यासारख्या काही जणींना काम करायची परवानगी मिळायला लागली, त्यानंतर मिळालेली ही पहिली नोकरी. नातेवाइकांत मी 'यीस्टचं काम आहे' एवढंच सांगते. त्यावरून सासूबाईंनी ब्रेडचा कारखाना धरला आहे, आणि त्यांचा समज दूर करायची घरात कोणालाच घाई नाही.

इथे हा छंद राजरोस चालतो, पण तोही फार जुना नाही. १९३३मध्ये दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला मोकळीक मिळाली, बियर मात्र तशीच राहिली. जिमी कार्टर यांनी १९७८च्या ऑक्टोबरमध्ये कायद्यावर सही केली आणि १९७९च्या फेब्रुवारीपासून घरची बियर कायदेशीर झाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला शंभर गॅलन, दोन प्रौढ असलेल्या घराला दोनशे. विकायची नाही. नेहमीची खेप पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची असते. तेव्हा हौस भागायला शंभर गॅलन पुष्कळ झाले.

तर फोन आला की मी एकच विचारते, ग्रॅव्हिटी किती आहे? पलीकडे बहुतेक वेळा शांतता. मग, "ती नाही बघितली, पण बुडबुडे..."

माल्टच्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. त्यात साखर विरघळलेली असते, म्हणून ते साध्या पाण्यापेक्षा जड असतं. काचेचा हायड्रोमीटर त्यात तरंगतो आणि त्यावरचा आकडा, म्हणजेच ग्रॅव्हिटी, किती जड ते सांगतो. साध्या पाण्याला १.०००, मध्यम ताकदीच्या बियरच्या वर्टला १.०५०च्या आसपास. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं तसा आकडा उतरतो. १.०५०वरून १.०१२वर आला की पाच टक्के अल्कोहोलची बियर तयार. यीस्ट बहुधा दिसणाऱ्या साखरेपैकी सत्तर ते ऐंशी टक्के संपवतं, बाकीची त्याला पचत नाही. तीच बियरला अंग देते. म्हणजे १.०००वर यायची वाट बघायची नसते. तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा आकडा घ्यायचा. तो हलत नसेल आणि अपेक्षेपेक्षा बराच वर असेल, तरच ती अडकली म्हणायचं. हे सगळं माहीत असलेला माणूससुद्धा बादलीसमोर बसून बुडबुडेच मोजतो. एक मिनिटात किती, दोन मिनिटांत किती, वहीत लिहून आणतात लोक.

बुडबुड्यांवर मात्र काडीचा भरवसा ठेवू नये. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण एका कडेला नीट बसलेलं नसलं की वायू तिथून निघून जातो, एअरलॉक ढिम्म. आत यीस्ट जोरात काम करतंय आणि बाहेर मालक रडकुंडीला आलाय, असं मी कितीतरी वेळा ऐकलंय. झाकण उघडल्यावर भिंतीवर फेसाची तपकिरी वर्तुळाकार रेघ दिसते, म्हणजे फेस चढून उतरूनही गेलेला असतो. उलटही होतं. बियर कधीच तयार झालेली असते, पण खोली जरा गरम झाली की तिच्यात विरघळलेला वायू बाहेर पडायला लागतो आणि माणूस खूश होतो की गाडी पुन्हा सुरू झाली.

आमचे मालक सत्तरी ओलांडलेले आहेत. कायदा झाला तेव्हापासून ते बियर करतात, असं ते सांगतात. आधीपासून करत होते, असा माझा संशय आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं की यीस्टचं पाकीट मागायला आलेल्या माणसाला आधी पाच प्रश्न विचारायचे. पाकीट विकायला एक मिनिट लागतं, विचारायला पंधरा. दुकानाच्या हिशेबात ती पंधरा मिनिटं तोट्यातच जातात. पण दुसऱ्या पाकिटानंही काही झालं नाही तर माणूस छंदच सोडतो आणि त्याचा कार्बॉय आठवडाभरात कोणाच्या तरी गॅरेज सेलमध्ये दिसतो. हा मालकांचा व्यापारी युक्तिवाद. माझं कारण वेगळं आहे. मला कोडं सोडवायला आवडतं, आणि एम.एस्सी.ला जे शिकले त्यातलं उपयोगी पडणारं जे काही आहे ते त्या पंधरा मिनिटांतच उपयोगी पडतं.

आमच्या प्रयोगशाळेत यीस्ट ऐकायचं. तीस अंशांचा इन्क्युबेटर, हलत राहणारे फ्लास्क, मोजूनमापून केलेलं माध्यम. आलेख पुस्तकात दाखवल्यासारखा यायचा. इथे प्रत्येक बादली वेगळ्या घरात, वेगळ्या जिन्याखाली, वेगळ्या माणसाच्या हातात असते. त्यामुळे यीस्टइतकंच त्या माणसाला ओळखावं लागतं. उत्साही माणूस सतत झाकण उघडून बघतो. आळशी माणूस आकडा अंदाजानं सांगतो. आणि सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे काटेकोर माणूस.

असा एक काटेकोर माणूस माझ्या चांगला लक्षात आहे. आयुष्यभर लेथवर काम करून निवृत्त झालेला. वही इतकी सुबक की आमच्या प्रयोगवहीला लाजवील. पेल एल, सुरुवात १.०५०, यीस्ट ताजं, तापमान दिवसातून दोनदा नोंदवलेलं, वीस अंशांच्या वरखाली फार नाही. दहाव्या दिवशी आकडा १.०२४. बाराव्या दिवशी १.०२४. मग त्यांनी बादली हलवली, मग दोन अंश गरम केली, मग दुकानात मी नसताना येऊन कामावरच्या मुलाकडून एक पाकीट नेलं, मग दुसरं नेलं. आकडा १.०२४. तिसऱ्या वेळी माझ्यासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना पाकीट नको होतं, कारण हवं होतं.

वहीत मला एकच खटकलं. प्रत्येक आकड्याशेजारी कंसात ब्रिक्सचा, म्हणजे साखरेच्या मापाचा, आकडा होता. शेवटचा ६.२. म्हणजे ते हायड्रोमीटर वापरतच नव्हते. त्यांच्याकडे रिफ्रॅक्टोमीटर होता. छोट्या दुर्बिणीसारखं दिसणारं ते उपकरण, काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून पट्टी वाचायची. त्याला फार बियर लागत नाही म्हणून लोकांना ते आवडतं. मी म्हटलं, "उद्या पाव लिटर घेऊन या. बाटली नीट धुतलेली असू द्या, एवढंच."

दुसऱ्या दिवशी ते जॅमच्या बरणीत घेऊन आले. मी ती बियर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून ओतून वायू काढला, उंच नळकांड्यात भरली, हायड्रोमीटर सोडला आणि बोटांनी गरकन फिरवला. फिरवायचा अशासाठी की काचेला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा फसवा येतो. तो फिरून थांबला. डोळा द्रवाच्या पातळीला आणून खालची कड वाचायची. त्यांनीच वाचली. १.०११. पुन्हा फिरवला. १.०११.

रिफ्रॅक्टोमीटर उजेड किती वळतो ते मोजतो आणि पट्टीवर साखर दाखवतो. पाण्यात फक्त साखर असेल तोवर ते बरोबर असतं, म्हणून सुरुवातीचा आकडा पक्का. बियर आंबायला लागली की तिच्यात अल्कोहोल येतं, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा उजेड जास्त वळवतं. उपकरणाला हे कळायचा मार्गच नाही, ते सगळी वळणं साखरेच्या खात्यावर मांडतं. सुरुवातीचे १२.४ ब्रिक्स आणि शेवटचे ६.२ असे दोन्ही आकडे घेऊन सूत्र मांडलं की उत्तर १.०११च्या जवळपास येतं. नुसतं तक्त्यात ६.२समोर पाहिलं की १.०२४. म्हणजे बियर आठवडाभरापूर्वीच तयार होती, आणि तीन पाकिटांचं यीस्ट तळाशी बसून होतं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं मायक्रोमीटर वापरला." त्यानंतर ते हायड्रोमीटर घेऊन गेले. दोन पाकिटांचे पैसे परत करायला मालक निघाले होते, त्यांनी घेतले नाहीत.

मोजण्यातल्या फसवणुकीचे असे आणखी प्रकार आहेत. माल्टच्या अर्काचा किट वापरणारे लोक कमी पाण्यात अर्क उकळतात आणि मग बादलीत वरून गार पाणी घालून पाच गॅलन करतात. नीट ढवळलं नाही तर जड वर्ट खाली, पाणी वर. वरचा नमुना घेतला की किटवर छापलेल्या १.०४८ऐवजी १.०३० येतो. यीस्टला त्याचं काही नसतं, ते सगळं खातंच, पण पुढचा सगळा हिशेब चुकतो. कधी हायड्रोमीटरच्या आतली कागदाची पट्टी सरकलेली असते. साध्या पाण्यात, त्यावर छापलेल्या तापमानाला, १.००० येतो का एवढं बघून घ्यायचं. हे एका मिनिटाचं काम जवळजवळ कोणी करत नाही.

आता आकडा खरा निघाला, तरी बियर अडकली असेलच असं नाही. मिल्क स्टाउट करणारा माणूस अर्धा किलो लॅक्टोज घालतो आणि पंधरा दिवसांनी आकडा चार-पाच नव्हे, सात-आठ अंकांनी (एक अंक म्हणजे ०.००१) वर का म्हणून विचारतो. दुधातली साखर बियरच्या यीस्टला पचत नाही, म्हणूनच तर ती घातली. दुसरा प्रकार जरा गहन आहे. धान्यापासून सुरुवात करणारे लोक दळलेलं माल्ट गरम पाण्यात तासभर ठेवतात, तेव्हा माल्टमधली एन्झाइम पिठाची साखर करतात. ६५ अंशांच्या आसपास यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त होते, सत्तरच्या वर गेलं की न पचणाऱ्या लांब साखळ्या जास्त राहतात. एका बाईंची प्रत्येक बियर १.०२२च्या आसपास थांबायची. कोणतंही यीस्ट असो, कोणताही ऋतू असो. मी त्यांना थर्मामीटर घेऊन बोलावलं आणि बर्फाच्या चुऱ्यात बुडवला. शून्याऐवजी चार अंश खाली दाखवत होता. म्हणजे ६७ समजून त्या ७१ला माल्ट भिजवत होत्या. त्यांच्या बादलीत यीस्टला खायला काही उरतच नव्हतं, तिथे जगातलं कोणतंही पाकीट काय करणार?

शंका असेल तर एक साधी चाचणी आहे. बादलीतून अर्धा लिटर बियर काढायची, तिच्यात यीस्ट सढळ हातानं घालायचं, पंचवीस-सव्वीस अंशांत ठेवायची आणि येता-जाता हलवायची. दोन-तीन दिवसांत आकडा उतरला तर बादलीतही उतरू शकतो. नाही उतरला तर बियर संपली, बाटल्या भरा. लोकांना ही चाचणी आवडत नाही, कारण तिच्यात दोन-तीन दिवस थांबावं लागतं.

खरोखर अडकलेल्या बियरी माझ्याकडे येतात त्या बहुतांशी जानेवारीत. बाहेर उणे पंचवीस, बेसमेंटची फरशी काँक्रीटची, बादली थेट फरशीवर. वर घरात वीस अंश असतात म्हणून खालीही वीसच असतील असं धरून चालतात, आणि रात्री हीटर कमी करून झोपतात. गंमत अशी की पहिले तीन-चार दिवस काही बिघडत नाही. यीस्ट जोरात असताना स्वतःच उष्णता सोडतं आणि बादलीतलं तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी वर राहतं. साखर कमी झाली, वेग मंदावला, की ही उष्णता आटते. नेमकं त्याच वेळी फरशीचा गारठा वर चढतो, आणि काम अर्धं असताना यीस्ट गोळे धरून तळाशी जातं. इंग्लिश एलची काही यीस्ट तर यासाठी प्रसिद्धच आहेत. लवकर बसतात, बियर नितळ होते, म्हणून लोकांना आवडतात. यॉर्कशरमध्ये टॅडकॅस्टरला सॅम्युअल स्मिथच्या ब्रुअरीत अजून दगडी चौकोनी हौदांत आंबवतात. तिकडची यीस्ट इतकी बसकी की वरचेवर बियर उपसून वर फिरवत राहावी लागते. तिथे हा रोजच्या कामाचा भाग आहे. आमच्याकडे त्याला 'प्रॉब्लेम' म्हणतात.

बर्फ उपसायचा ट्रक चालवणारा एक तरुण असाच आला. १.०६२पासून सुरू केलेली बियर १.०३०वर बसलेली. बेसमेंटमध्ये किती अंश विचारलं तर "थंड नाही, मी टी-शर्टवर असतो." या माणसाच्या टी-शर्टचा पुरावा कसा मानायचा? बादलीला चिकटवायची तापमानाची पट्टी दिली. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, ५७, म्हणजे आपले चौदा. त्याला मी पाकीट दिलं नाही. बादली जिन्यावरून वर न्यायची, न्हाणीघराशेजारच्या कपाटात लाकडी फळीवर ठेवायची, भोवती जुनी रजई. आईचं थंडीतलं विरजण मला अशा वेळी आठवतंच, पिठाच्या डब्यात गुंडाळून ठेवलेलं. एकवीस अंश झाले की झाकण न उघडता बादली तिरकी धरून गोल फिरवायची, तळातलं यीस्ट उठेल इतपतच. हवा आत घुसेल असं घुसळायचं नाही, त्या वेळी प्राणवायू गेला तर बियरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. हे दिवसातून दोनदा. चार दिवसांनी १.०१८. त्या यीस्टकडून मी एवढंच धरलं होतं.

प्राणवायूचं प्रकरण लोकांना उलटसुलट वाटतं. सुरुवातीला तो हवाच असतो, कारण पेशींना आपलं आवरण मजबूत करायला लागणारे काही स्निग्ध पदार्थ प्राणवायूशिवाय बनवता येत नाहीत. वर्ट उकळताना त्यातली हवा निघून जाते. गार झाल्यावर कार्बॉय चांगला हलवला की थोडी परत मिळते. पेशींची संख्याही पुरेशी लागते. एलसाठी साधारण धरलेलं प्रमाण घेतलं तर १.०५०च्या १९ लिटरला सुमारे १८० अब्ज पेशी हव्यात. द्रवरूप यीस्टच्या एका ताज्या पाकिटात साधारण शंभर अब्ज असतात, आणि ते फ्रिजमध्ये जुनं होत जाईल तशा घटतात. म्हणून आधी थोड्या वर्टमध्ये वाढवून घ्यायचं. लागर असेल तर दुप्पट. हे मी काउंटरवर तोंडपाठ सांगते, तरी लोक पाकीट फोडून सरळ ओततात, आणि बहुतेक वेळा बियर होतेही. यीस्ट सोशिक असतं. त्यामुळे माझं कोणी ऐकत नाही.

बेल्जियन सेझाँ हा मात्र वेगळाच कारभार. तुर्प गावच्या ड्युपाँ ब्रुअरीचं म्हणून जे यीस्ट विकलं जातं, ते जोरात सुरू होतं आणि १.०३५च्या आसपास येऊन चक्क बसतं. एक आठवडा, दोन आठवडे. मग आपल्या मर्जीनं उठतं आणि १.००५च्याही खाली जातं. त्याला उष्णता लागते, तीस अंश आणि वरही. काही अनुभवी लोक सांगतात की एअरलॉकमुळे आतला दाबही त्याला खपत नाही, पहिले काही दिवस तोंडाला नुसता फॉइलचा कागद लावावा. हे यीस्ट विकताना मी सरळ सांगते की तुम्ही मला फोन करणार आहात, आणि मी थांबा म्हणणार आहे. तरी फोन येतात. पण त्या यीस्टची मिरीसारखी तिखटसर चव दुसऱ्या कशाला येत नाही, म्हणून तेच लोक पुन्हा तेच नेतात.

लोकांचे स्वतःचे उपाय ऐकण्यासारखे असतात. पोटातल्या गॅसवर इथे बीनो नावाची गोळी मिळते. तिच्यात एन्झाइम असतं, ते न पचणाऱ्या साखळ्या तोडतं. ती बियरमध्ये टाकणारे आहेत. आकडा उतरतो खरा, पण तो कुठे थांबवायचा हे आपल्या हातात राहत नाही, आणि बियर पाण्यासारखी पातळ होते. कोणी साखर घालतं, यीस्टला 'चालना' म्हणून. यीस्ट ती साखर खातं आणि पुन्हा बसतं. यातलं काहीच फार वाईट नाही. वाईट एकच, अर्धवट बियर 'संपली' म्हणून बाटल्यांत भरणं. ग्रॅव्हिटीचा एक अंक उतरला की लिटरमागे जवळपास अर्धा लिटर वायू तयार होतो. बियरमध्ये एरवी अडीच लिटर असतो. म्हणजे बंद बाटलीत चार-पाच अंक उतरले तर दुप्पट दाब. गेल्या उन्हाळ्यात एका दंतवैद्यांच्या गॅरेजमध्ये एकामागून एक बाटल्या फुटल्या, काचेचा तुकडा गाडीच्या टायरमध्ये रुतला. बाटल्या भरताना बियर १.०२०वर होती. "हललीच नव्हती दोन दिवस," म्हणाले. मार्चमध्ये, गॅरेजमध्ये, कशी हलणार?

पुण्याला माझा भाचा एका ब्रूपबमध्ये मदतनीस ब्रुअर आहे. पुण्यात २००९मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर हा धंदा तिथे चांगला रुजला. तिकडे अडचण उन्हाची, म्हणून टाक्यांभोवती थंड ग्लायकॉल फिरत असतं. मे महिन्यात त्याचा मेसेज आला, "मावशी, व्हीट बियर १.०२६वर अडकलीय." बाहेर ३८ अंश आणि बियर गारठून अडकलेली! ग्लायकॉलचा व्हॉल्व्ह रात्री उघडाच राहिला होता, हजार लिटरची टाकी अकरा अंशांवर उतरलेली. तापवायची सोय नव्हती. मी म्हटलं, ग्लायकॉल हातानं बंद कर आणि पुण्याचं ऊन कामाला लाव. खालच्या व्हॉल्व्हमधून कार्बन डायऑक्साइड सोडून यीस्ट उठवायची युक्ती त्याच्या ब्रुअरनं केली. दोन दिवसांत टाकी वीसवर आली आणि बियर १.०१२वर. आता त्याला घरी करून बघायचीय. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय बियर बनवता येत नाही, असं मी त्याला दर वेळी सांगते. तो दर वेळी "फक्त वीस लिटर" म्हणतो.

सध्या दुकानात बियरपेक्षा हार्ड सेल्टझरची विचारणा वाढली आहे. नुसती साखर, पाणी आणि यीस्ट. माल्टच्या वर्टमध्ये जस्त सोडलं तर यीस्टला हवं ते जवळजवळ सगळं असतं. साखरेच्या पाण्यात नायट्रोजनच नाही. आंबटपणा झपाट्यानं वाढतो, यीस्ट उपाशी थांबतं. इथे मात्र मी पंधरा मिनिटं घालवत नाही, पोषकाची पुडी पहिल्याच दिवशी हातात देते.

गेल्या हिवाळ्यात एक गृहस्थ बार्लीवाइन घेऊन आले. सुरुवात १.११०. एवढ्या जड वर्टमध्ये त्यांनी यीस्टचं एकच पाकीट टाकलेलं. १.०४६वर थांबली होती, म्हणजे अल्कोहोल आधीच आठ टक्क्यांच्या वर. अशा बियरमध्ये कोरडं यीस्ट वरून भुरभुरलं तर ते जागं व्हायच्या आतच मरगळतं. आम्ही दोन लिटर वर्टमध्ये अल्कोहोल सोसणारं यीस्ट वाढवलं, फेस ऐन भरात असताना ते सगळंच्या सगळं ओतलं, बादली बावीस अंशांवर ठेवली. तीन आठवडे रोज थोडं थोडं उतरत होती. १.०३१वर थांबली आणि चाचणीच्या अर्ध्या लिटरचाही आकडा तोच आला. त्यांना १.०२५ हवी होती. मी म्हटलं, आता भरा, ही गोडसरच छान लागेल.

पण एवढ्या अल्कोहोलमध्ये दमलेलं यीस्ट बाटलीत फसफस आणेल याची खात्री नव्हती. भरताना शॅम्पेनचं यीस्ट घाला म्हटलं, पाच ग्रॅमचं एक पाकीट सगळ्या बाटल्यांना पुरून उरेल. त्यांनी दोन घेतली.